मॅक्फर्सनची धून आणि बॅन्फचं घड्याळ

‘मॅक्फर्सन्स रँट’ या स्कॉटिश फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) धुनेसोबत एक गोष्ट हमखास फॉरवर्ड होते. गरिबांचा कैवारी जेम्स मॅक्फर्सन याला 1700 साली स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावात फाशी झाली. आदल्या रात्री त्याने ही धून रचली, फाशीखाली वाजवली, फिडल घ्यायला कुणी पुढे आलं नाही म्हणून ती फोडली. माफीपत्र घेऊन स्वार निघाला होता, पण गावच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करून त्याला लटकवलं. सगळं कसं सिनेमाला शोभेल असं!

फाशी खरी, 16 नोव्हेंबरची. बाकीचं तपासून घ्यावं लागतं.

आधी घड्याळ. निकालपत्रातली वेळ आहे दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. अख्खा तास हाताशी असताना घाई असलेल्याने दोनलाच काम उरकलं असतं, काट्यांना हात कशाला लावायचा? आणि तो स्वार? गाण्याच्या प्रचलित कडव्यात तो ‘ब्रिग ओ बॅन्फ’ म्हणजे बॅन्फच्या पुलावरून येतो. पण 1700 साली तिथे डेव्हरन नदी नावेने ओलांडत. पूल झाला 1760च्या दशकात, 1768च्या पुरात वाहूनही गेला. आजचा सात कमानींचा पूल स्मीटन या अभियंत्याने 1779 च्या सुमारास बांधला. म्हणजे हे कडवं फाशीनंतर निदान साठ वर्षांनी जुळवलेलं आहे.

फिडल फोडल्याचं म्हणाल तर न्यूटनमोअरच्या क्लॅन मॅक्फर्सन संग्रहालयात मोडकी फिडल दाखवतात, हे खरं. पण स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 1788 साली छापलेल्या गाण्यात तो फाशीखाली वाजवतो, नाचतो. फिडल मात्र फोडत नाही. अमेरिकेत केंटकीकडे कॅलाहन नावाच्या फाशी गेलेल्या वादकाबद्दल हुबेहूब हीच कथा सांगतात. गोष्टीला पाय फुटतात ते असे.

गाणं मुळात बर्न्सचंच, असंही कुणी ठोकून देतं. बर्न्सचा जन्म 1759चा. मार्गारेट सिंकलरच्या 1710च्या हस्तलिखितात मॅक्फर्सनच्या नावाची धून आधीच उतरवलेली आहे. फाशीनंतर जेमतेम दहा वर्षांत ती त्याच्या नावावर वाजत होती. त्यानेच रचली, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

राहिला कैवारी. फाशीनंतर विकल्या गेलेल्या एका छापील पत्रकाने त्याला चक्क ‘खुनी’ म्हटलं. न्यायालयात खुनाचा आरोपच नव्हता. आरोप होता तो ‘इजिप्शियन’, म्हणजे जिप्सी, आणि भटका म्हणून ओळखला जाण्याचा, बाजारांतून चोऱ्या करण्याचा. 1609च्या स्कॉटिश कायद्यानुसार कुणी जिप्सी म्हणून ओळखला जातो, एवढं सिद्ध झालं तरी फाशी देता येत होती. मॅक्फर्सनची आई याच भटक्या समाजातली, बाप हायलँडचा जमीनदार. फॉरवर्डमध्ये घड्याळाला चार ओळी मिळतात, या कायद्याला एकही नाही.