खुलासा : २१व्या दिवशी अंडं फोडून पिल्लू काढू नका

पुण्यात घरी कोंबडीची अंडी उबवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय : ‘२१ दिवस भरले आणि पिल्लू निघालं नाही, तर कवच फोडा, नाहीतर ते गुदमरतं.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याने धडधाकट पिल्लं मरतात.

पिल्लाने आतून कवचाला पहिला टोचा मारला की त्याला बाहेरची हवा मिळू लागते. पुढचे १२ ते २४ तास ते वरवर स्वस्थ दिसतं. पण त्या वेळात आतल्या पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. तेव्हा कवच सोललं तर रक्तस्राव होतो. तापमान थोडं कमी राहिलं असेल तर २२वा दिवसही उजाडतो.

खरी अडचण बहुधा कोरड्या हवेची असते. एप्रिल-मेमध्ये पुण्याची दुपार फार कोरडी. अंडी उबवायच्या पंखेवाल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश ठेवा. १८व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्या आणि झाकण उघडू नका. दर वेळी उघडलं की ओल जाते, पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. निघालेली पिल्लं बलकावर दोन दिवस सहज राहतात, त्यांच्यासाठीही घाई नको.

खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालची अंडीही सारखी उचलून बघू नका.

टोच्याला २४ तास उलटून पडदा वाळलेला दिसला, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या बोटाने तो ओलवा. रक्ताचा थेंब दिसताच थांबा.