गाठ लागत नाही म्हणून कॅन्सर नाही?

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा मतितार्थ असा: गाठ नसेल तर स्तनाचा कॅन्सर नसतो, स्तन लाल होऊन सुजला तर ती उष्णता किंवा साकळलेलं दूध, हळदीचा लेप लावा नि अँटिबायोटिक घ्या, तपासणीसाठी तुकडा काढू देऊ नका, सुई लागली की कॅन्सर पसरतो, आणि कॅन्सर निघालाच तर आधी ऑपरेशन उरकून टाका. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर, म्हणजे स्तन लाल करून सुजवणारा कॅन्सर असेल, तर यातला प्रत्येक सल्ला अंगाशी येणारा आहे.

गाठीचंच आधी घेऊ. या प्रकारात बऱ्याचदा हाताला गाठ लागतच नाही, मॅमोग्राफीतही कधी नुसती जाड झालेली त्वचा दिसते. कॅन्सरच्या पेशी त्वचेतल्या बारीक लसीकावाहिन्यांत (शरीरातला लसीका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) शिरून त्या तुंबवतात, म्हणून सूज येते. काही आठवड्यांतच स्तन जड आणि गरम होतो, किमान एक तृतीयांश भागावर लाली पसरते, रंध्रं ठळक होऊन कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. ब्रेसियरच्या शिवणीचा वळ त्या एकाच बाजूला खोल उमटतो. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा काळपट दिसते. आपल्याकडे फसगत होते ती इथे. त्यात हळद फासली की उरलासुरला रंगही झाकला जातो.

साकळलेल्या दुधाचा मुद्दा अर्धा खरा आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईचा स्तन लाल होऊन दुखला, ताप आला, तर ते बहुधा इन्फेक्शनच असतं आणि औषधाने उतरतं. पण आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर गोळ्या बदलत बसू नये. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि तुकडा तपासणी करून घ्यावी. पाजणं सुटून वीस वर्षं झालेल्या बाईच्या बाबतीत दूध कुठून साकळणार?

सुईने पसरतो ही भीती जुनी आहे. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सांडू शकतात, पण त्यामुळे आजार बळावतो असा पुरावा नाही. शिवाय हा आजार सुई लागण्याआधीच लसीकावाहिन्यांत पोहोचलेला असतो. तुकडा घेतल्याशिवाय कॅन्सरच्या पेशींवर हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू ही वाढीला चालना देणारी प्रथिनं आहेत का, ते कळत नाही, आणि औषधं त्यावरच ठरतात: हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे त्यावर नेमकं काम करणारं औषध, हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर पुढे कित्येक वर्षं गोळ्या. सोबत कातडीचाही काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. त्यात काही सापडलं नाही म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही.

‘आधी ऑपरेशन’ हा सल्ला मला सगळ्यांत वाईट वाटतो, कारण तो धाडसी वाटतो आणि घरच्यांना पटतो. निदान होतानाच हा आजार किमान तिसऱ्या स्टेजचा असतो, कातडीत पसरलेला. थेट कापलं तर कडेला पेशी राहून जातात. म्हणून आधी काही महिने केमो, मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसीकाग्रंथी काढायच्या, मग शेक, म्हणजे रेडिएशन. नुसत्या ऑपरेशनच्या जमान्यात पाच वर्षं जगणाऱ्या शंभरात पाचही नसत. अमेरिकेतल्या अलीकडच्या आकडेवारीत त्या सुमारे ४० आहेत. केमोने लाली पूर्ण गेली तरी स्तन वाचवणारी छोटी शस्त्रक्रिया इथे करत नाहीत, आणि नवा स्तन घडवायचा असेल तर तेही सहसा शेक संपल्यावरच.