क्रीटची दुहेरी पात्याची कुऱ्हाड युद्धासाठी नव्हती

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा २०१८ चा गेम इ.स.पू. ४३१ च्या ग्रीसमध्ये घडतो आणि त्यात दुहेरी पात्याची अवजड कुऱ्हाड शस्त्र म्हणून वापरता येते. तिचे चित्र जोडून एक दावा सर्वत्र फिरतो आहे: ही ग्रीक सैनिकांची खरी युद्धकुऱ्हाड होती, क्रीट या ग्रीक बेटावरील उत्खनन, तिथली चित्रे आणि प्राचीन ग्रीक कवी होमर हे त्याचे पुरावे. गेमकर्त्यांना कल्पनेची मुभा आहेच; पण इतिहास म्हणून हा दावा टिकत नाही.

उत्खननाचा पुरावा तर उलट दिशेनेच जातो. क्रीटमधील आर्कालोखोरीच्या गुहेत पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांना १९३०च्या दशकात ज्या सोन्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या, त्या लहान आणि पातळ पत्र्याच्या आहेत. लाकडावर एक घाव घातला तरी वाकतील अशा वस्तू देवाला वाहण्यासाठीच घडवलेल्या असतात. क्रीटमधल्याच निरू खानी येथील कांस्याच्या कुऱ्हाडी प्रचंड मोठ्या आहेत, पण त्याही पातळ पत्र्याच्याच. भक्कम, वापरातल्या कुऱ्हाडीही क्रीटमध्ये मिळतात, मात्र ती प्रामुख्याने सुतारकामाची हत्यारे होती.

चित्रांचा दाखला देणाऱ्यांनी क्रीटमधील हागिया ट्रिआडाची दगडी शवपेटी नीट पाहावी. सुमारे इ.स.पू. १४०० च्या या पेटीवर दुहेरी कुऱ्हाडी उंच खांबांच्या टोकावर बसवलेल्या आहेत, त्यांवर पक्षी बसले आहेत आणि खांबांच्या मध्ये ठेवलेल्या पात्रात एक स्त्री अर्पणाचे द्रव्य ओतते आहे. मागे एक जण वीणेसारखे तंतुवाद्य वाजवतो आहे. कुऱ्हाड कोणाच्याही हातात नाही. इतके सुंदर, इतके स्पष्ट पूजाचित्र समोर असताना त्याला युद्धाचा पुरावा म्हणणे हा त्या कलाकारावर अन्याय आहे.

होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरील महाकाव्यामध्ये कुऱ्हाड लढाईत येते, हे मान्यच करायला हवे. तेराव्या सर्गात पेइसँड्रोस ढालीआडून जैतुनाच्या लाकडाचा दांडा असलेली कुऱ्हाड काढून ग्रीक राजा मेनेलाओसच्या शिरस्त्राणावर मारतो. पण पेइसँड्रोस ट्रॉयच्या बाजूचा आहे आणि मेनेलाओस त्याला तलवारीने ठार करतो. पंधराव्या सर्गात जहाजांपाशी दोन्ही बाजू कुऱ्हाडींनी लढतात. तथापि हे काव्य गेममधील काळाच्या कितीतरी आधीचे आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातील हॉप्लाइट सैनिक मोठी गोल ढाल, लांब भाला आणि आखूड तलवार घेऊन रांगेत लढत असे. त्या काळी ग्रीक इतिहासकार हेरोडोटस युद्धकुऱ्हाडीची नोंद करतो ती पर्शियाचा राजा झर्क्सिस याच्या सैन्यातील शक लोकांच्या हाती, आणि ग्रीक चित्रकार ती देतात दंतकथांतील ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांना.