सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी

गेली चार वर्षे आम्ही काही जण मिळून ज्ञानेश्वरीचे एक मोफत अ‍ॅप चालवतो आणि या चार वर्षांत सर्वाधिक तक्रारी कोणत्या एका ओळीबद्दल आल्या असतील, तर त्या सहाव्या अध्यायातल्या चौदाव्या ओवीबद्दल. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' असे आमच्या अ‍ॅपमध्ये दिसते आणि वाचणारा कळवतो की येथे टंकनदोष आहे, 'माझ्या मराठीची' असे हवे. कोणी नम्रपणे कळवतो, कोणी 'निदान ज्ञानेश्वरी तरी नीट टाइप करा' असे सुनावतो. गेल्या महिन्यात एका उत्साही तरुणाने ही दुरुस्ती स्वतःच करून आमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि ग्रंथाचा पाठ जिथे ठेवतो त्या ऑनलाइन साठ्यात पाठवली, ती आम्ही घेतली नाही, आणि त्यावरून गटात जो वाद झाला तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आधी ओवीबद्दल. येथे 'मराठा' हे 'बोलु' या पुल्लिंगी नामाचे विशेषण आहे आणि शेवटचा 'चि' म्हणजे आपला आजचा जोर देणारा 'च'. माझा बोल मराठीच आहे खरा, पण तो अमृतालाही पैजेवर जिंकेल, असे ज्ञानदेव म्हणतात. 'माझ्या मराठीची' केले की 'बोलु' उघडा पडतो, त्याला वाक्यात कोणी वाली उरत नाही. पण भाषणांत, कमानींवर आणि मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांत चुकीची ओळ इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेली असते की बरोबर ओळच चुकीची वाटू लागते.

त्या तरुणाचे म्हणणे मात्र निराळेच होते. व्याकरण त्याने मान्य केले. पण प्रकल्प ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, तेव्हा लोकांना जे रूप ओळखीचे आहे ते द्यावे, आणि मतभेद असेल तर मतदान घ्यावे, असे त्याने सुचवले. मतदान! हसू आले, पण त्याला हसण्यावारी नेणे बरोबर नव्हते, कारण ओपन सोर्सच्या जगात वाढलेल्या माणसाला सुधारणा हाच धर्म वाटतो आणि आम्हीच त्याला 'या, जे चुकेल ते दुरुस्त करा' म्हणून बोलावले होते.

माझे मत असे आहे की हे बोलावणे अ‍ॅपच्या कोडपुरते आहे, ग्रंथाच्या पाठाला ते लागू नाही, आणि ही रेघ पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत न आखणे ही आमची चूक होती. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ पुढची तीन शतके नकला होत होत फिरला. नकलणाऱ्याच्या मनात आले की शब्द सोपा होई, उत्साह आला की ओवी वाढे. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे जो यात स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. रिपॉझिटरीच्या रखवालदाराने लिहिलेली याहून चांगली सूचना मी तरी वाचलेली नाही.

हा पेच केवळ आमचा नाही. कुराणाचा युनिकोडमधला (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीतला) पाठ अक्षरन् अक्षर तपासून देणारा 'तंजील' हा प्रकल्प २००७ पासून चालू आहे. तो पाठ कोणीही आपल्या अ‍ॅपमध्ये वापरावा, पण त्यात बदल करता येणार नाही, अशी त्यांची स्पष्ट अट आहे.

यावर कोणी विचारील की मग खरा पाठ कोणता, कारण इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बीडच्या पाटांगणातून मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये जी ज्ञानेश्वरी छापली तिच्यात आणि पारायणाच्या पोथीत जागोजागी फरक आहेत. तो निवाडा विद्वानांनी करावा. आमचे काम एवढेच की जी छापील प्रत घेतली तिचे नाव पहिल्या पानावर सांगावे आणि तिच्यात जे आहे ते जसेच्या तसे द्यावे. दोन प्रती द्यायच्या तर दोन वेगळ्या द्याव्यात. इथली गोड वाटली ती ओळ आणि तिथली सोपी वाटली ती ओळ अशी भेळ करू नये.

आणि हे 'जसेच्या तसे' वाटते तितके सोपे नाही. छापील पान स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतले की ते 'भ'चा 'म' करते, 'थ'चा 'य' करते, 'ख'चे 'रव' करते. 'धन'चे 'घन' झाले तर स्पेलचेकरलाही पत्ता लागत नाही, कारण दोन्ही शब्द खरे. आणि 'जैसें', 'तेवींचि' ही रूपे त्याच्या कोशातच नसल्याने तो सगळे पान लाल करून मोकळा होतो. म्हणून शेवटी डोळेच लागतात. आमचे ते डोळे म्हणजे बारामतीकडचे एक निवृत्त शिक्षक. गुरुजी डावीकडे पोथी आणि उजवीकडे मोबाइल ठेवून वाचतात, चुका दुरेघी वहीत ओवीच्या क्रमांकासह लिहितात आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. बहुतेक फोटोंत पान उडू नये म्हणून ठेवलेले चष्म्याचे घर दिसते. ते बघून आमच्यातले कोणीतरी फाइलमध्ये दुरुस्ती करते आणि योगदानकर्त्यांच्या यादीत नाव चढते ते दुरुस्ती करणाऱ्याचे. ज्याने आठशेच्या वर चुका शोधल्या त्याचे नाव दोन वर्षे कोठेच नव्हते, याची मला आजही लाज वाटते. आता प्रत्येक नोंदीत त्यांचे नाव घालतो. त्यावर गुरुजींनी 'बरं' एवढेच उत्तर पाठवले आणि खाली पुढच्या पानाचा फोटो.

चुकीची किंमत मी स्वतः पाहिली आहे. आमच्या गावच्या सप्ताहात पारायणाला बसलेल्या एक काकू मोबाइलवर आमच्याच अ‍ॅपमधून वाचत होत्या. तेराव्या अध्यायात एके ठिकाणी सगळा मांडव एक ओवी म्हणत होता आणि काकू पुढची. त्या गोंधळल्या, शेजारणीच्या पोथीत डोकावल्या आणि मोबाइल पिशवीत टाकून तिच्याच पोथीत वाचू लागल्या. घरी येऊन पाहिले तर स्कॅन करताना पानाच्या तळाची एक ओवी गळाली होती आणि तिथून पुढचे सगळे क्रमांक एकाने चुकले होते. आता अ‍ॅपची नवी आवृत्ती काढण्याआधी प्रत्येक अध्यायातल्या ओव्या छापील प्रतीइतक्याच भरतात की नाही, हे मोजणारी तपासणी आपोआप चालते.

सुधारणेला वाव हवा असेल, तर तो शोधात आहे. 'जैसे' टाइप करणाऱ्याला 'जैसें' सापडले पाहिजे, 'ओम नमो' लिहिणाऱ्याला 'ॐ' सापडले पाहिजे. 'मऱ्हाटी' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. ही गाठ सोडवायला आम्हाला पाच महिने लागले. वाचकाने कितीही चुकीचे लिहावे, अ‍ॅपने समजून घ्यावे. पण त्याच्यासमोर ठेवावी ती पोथीतलीच ओवी. 'मराठीची बोलु' असे शोधणाऱ्यालाही आम्ही सहाव्या अध्यायातल्या त्याच ओवीवर नेतो.

सोनोपंत दांडेकरांनी सार्थ ज्ञानेश्वरीत दिलेला ओव्यांचा अर्थ घाला, अशीही मागणी वारंवार येते. दांडेकरांचे निधन १९६८ मध्ये झाले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या पश्चात ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत तो अर्थ परवानगीवाचून घालता येणार नाही. ओवी सर्वांची आहे, तिचा अर्थ अजून नाही.

त्या तरुणाने आमचा कोड घेऊन स्वतःचे वेगळे अ‍ॅप काढले आहे. आमच्या कोडचा जीपीएल हा मुक्त परवाना त्याला पूर्ण मुभा देतो आणि ती आम्हीच दिलेली असल्याने तक्रारीला जागा नाही. त्याच्या अ‍ॅपचा रंग आमच्यापेक्षा चांगला आहे, रात्री वाचायला तर फारच, आणि तो आम्ही परत उचलणार आहोत. सहाव्या अध्यायात त्याने 'मराठीची' केले आहे. मी त्याला एकच विनंती केली की पहिल्या पानावर आमच्या छापील प्रतीचे नाव ठेवू नये, कारण त्या प्रतीत तसे नाही. त्याने ते काढले.

आमच्याकडे तेराव्या अध्यायापासून पुढचे दुसरे वाचन अजून व्हायचे आहे. एकट्या अठराव्यात अठराशेच्या वर ओव्या आहेत आणि गुरुजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन याच महिन्यात आहे. कोड येण्याची गरज नाही. घरात पोथी असेल आणि रोज पंचवीस ओव्या ताडून पाहायला अर्धा तास असेल, तर कमेंटमध्ये 'वाचतो' किंवा 'वाचते' एवढे लिहावे, पाने वाटून देतो.