आंतरराष्ट्रीय, व्हाया मानवत रोड

फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्या मराठवाड्यात परिषदांची लगीनसराई. 31 मार्चच्या आत निधी संपवायचा असतो, म्हणून ज्या कॉलेजला सभागृह आणि केटररवाला एकाच तारखेला मोकळे सापडतात ते परिषद उरकून घेतं. आणि आम्ही पीएच.डी.वाले बगलेत फोल्डर मारून या गावाहून त्या गावाला.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2016च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी परिषदांमधून दोन शोधनिबंध वाचणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर 2022मध्ये यूजीसीने ती सक्ती काढून टाकली. ही बातमी मी उड्या मारत माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायला गेले. सर म्हणाले, "नियम गेला, पण मुलाखतीच्या फायलीत काय लावशील?" संशोधन तीन अंगांनी वाढतं असं मला आता वाटतं: वाचन, लेखन आणि फाईल. त्यातली फाईल सगळ्यात जोमात वाढते.

यातल्या बऱ्याचशा परिषदा आंतरराष्ट्रीय असतात, त्यामागे गणित आहे. प्राध्यापकांच्या नेमणुकीच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे राज्य पातळीवर निबंध वाचला तर 2 गुण, राष्ट्रीय पातळीवर 3 आणि देशातल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत 5. आता 3 वरून 5 वर जायला लागतं काय? एक पाहुणा. शुक्रवारी लातूरला तो पडद्यावर होता. मूळ गाव जिंतूर, मुक्काम टेक्सास. इकडे दुपार, तिकडे मध्यरात्र. बिचारा जांभया दाबत "माझा आवाज येतोय का?" विचारत होता आणि सभागृह एकमुखाने "नाही" म्हणत होतं, जे त्याला ऐकू जात नव्हतं. त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि सत्कार झाले होते. शाली संपल्यावर पहिल्या रांगेतली एक शाल हळूच मागे गेली आणि पुन्हा पुढे आली, हे मी स्वतः पाहिलं. शोधनिबंधांची पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. माझा निबंध "वाचला असे गृहीत धरण्यात" आला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर गृहीत धरण्यासाठी पूर्ण भाडं मोजायचं म्हणजे जिवावर येतं. अंबाजोगाई, परळी, गंगाखेड करत मी रात्री उशिरा परभणीला पोहोचले.

शनिवारी संभाजीनगर. पहाटेची गाडी, जनरल डबा. माझा विषय हीच रेल्वे आहे. निजामाच्या राज्यातून हैदराबादला मनमाडशी जोडणारी ही लाईन 1900च्या सुमारास टाकली गेली, मीटरगेज. तिच्यामुळे सेलू, जालना, परभणीच्या कापूस बाजाराचं काय झालं, हे मी शोधते. मानवत रोडला गाडी थांबली. चहावाला चढला आणि कुणी न विचारताच म्हणाला, "क्रॉसिंग." एकेरी मार्गावर या एका शब्दाला कुणी उलटा प्रश्न करत नाही. लोक खाली उतरून पाय मोकळे करू लागले, एका बाईंनी हरभऱ्याचा डहाळा सोलायला घेतला. मी निबंध काढून ओठ हलवत बसले.

समोरचे आजोबा म्हणाले, "काय पाठ करायलीस बाई? परीक्षा हाय का?"

"नाही आजोबा, निबंध वाचायचाय. या रेल्वेवर."

"मग वाच की मोठ्यानं. गाडी काय हालत न्हाई आता."

मी वाचला. प्रस्तावनेपासून, गृहीतकांसकट, सगळाच्या सगळा. मला वेळेची चिठ्ठी कुणी पाठवली नाही. मीटरगेजच्या दोन रुळांमधली रुंदी एक मीटर आणि मुंबईकडच्या ब्रॉडगेजची 1,676 मिलिमीटर, म्हणून कापसाच्या गाठी मनमाडला एका वॅगनमधून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागत, इथवर आले तर आजोबांनी हात वर केला.

"आमचे वडील हमालीला होते तिथं. पाऊस आला की गाठी भिजायच्या. भिजलेली गाठ कुणाच्या नावावर टाकायची यावरून मारामाऱ्या. हे लिवलंस का?"

नव्हतं लिहिलं. मी लगेच समासात टिपून घेतलं. मग ब्रॉडगेजसाठी झालेल्या आंदोलनांचा भाग आला. मराठवाडा जनता विकास परिषद ही संघटना आणि तिचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांची नावं घेताच दाराशी उभा असलेला एक जण आत सरकला. डहाळावाल्या बाईंनी मात्र मुळावरच घाव घातला: "लाईन मोठी झाली, खरं हाय. दुसरी लाईन कवा व्हायची?"

मी म्हणाले, "मावशी, ते माझ्या संशोधनाच्या मर्यादेत येत नाही."

"मग मर्यादा वाढीव की. इथंच बसलोत ना आपण."

एवढी कडक तोंडी परीक्षा विद्यापीठातही होत नसेल. समोरून एक्स्प्रेस धडधडत गेली, आमचा सिग्नल पडला. आजोबा सेलूला उतरले, उतरताना "निकाल कळीव" म्हणाले. कुठे कळवायचं ते सांगितलं नाही.

संभाजीनगरला मी पोहोचले तेव्हा समांतर सत्रं चालू होती. सत्र म्हणजे वर्गखोली, आणि श्रोते म्हणजे आपली पाळी यायची वाट पाहणारे वाचक. ज्याचं वाचून व्हायचं तो प्रमाणपत्राच्या रांगेत जायचा, त्यामुळे शेवटच्या माणसाला सत्राध्यक्षांखेरीज कुणी उरत नाही. मी शेवटून दुसरी.

"वेळेअभावी फक्त शीर्षक आणि निष्कर्ष," सत्राध्यक्ष म्हणाले.

मी शीर्षक सांगितलं आणि निष्कर्ष सोडून भिजलेल्या गाठीच सांगितल्या. सत्राध्यक्षांनी मोबाईल खाली ठेवला.

"छान आहे हे. संदर्भ?"

"मौखिक स्रोत, सर."

"मुलाखत कुठे घेतली?"

"मानवत रोडला."

"तिथे अभिलेखागार आहे?"

"जनरल डबा आहे, सर."

ते आणखी काही विचारणार होते, पण तेवढ्यात माईकवरून "कूपन दाखवल्याशिवाय ताट मिळणार नाही" अशी घोषणा झाली आणि सत्राचा समारोप आपोआप झाला. कूपन मला मिळालंच नव्हतं. शेवटून पहिल्याने त्याच्या ताटातल्या दोन पुऱ्या दिल्या. माणूस सज्जन, विषय भूजलपातळी.

प्रमाणपत्रावर माझ्या नावाआधी "प्रा. डॉ. श्री." छापून आलं होतं. मी ते सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवून दुरुस्त करून आणू का म्हणून विचारलं. उत्तर आलं: "राहू दे. फक्त लॅमिनेट करू नकोस, पडताळणीला त्रास होतो. पुढच्या शनिवारी नांदेड. आंतरराष्ट्रीय आहे, नेपाळहून एक जण येतोय."