पुसलेले पाऊल आणि काळवंडलेली पार्श्वभूमी : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. छायाचित्रकार स्टेपान रुडिक यांना बाद करण्याच्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निर्णयाचे मी केलेले समर्थन आपल्याला दुटप्पीपणाचे वाटले. पावलाचा एक कोपरा पुसणारा अपात्र ठरतो आणि रंगछटांत उघड फेरफार करूनही छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांचे गाझातील छायाचित्र सर्वोच्च पुरस्कार राखते, हे कसे, असे आपण विचारले आहे.

रुडिक यांच्या कीवमधील मारामाऱ्यांवरील मालिकेला २०१० मध्ये तिसरे पारितोषिक मिळाले होते. त्यातील एका छायाचित्राची मूळ चौकट रंगीत आणि बरीच मोठी होती. त्यांनी हाताला पट्टी बांधली जात असल्याचा लहानसा भाग तेवढा कापून घेतला, तो कृष्णधवल केला, कडा गडद केल्या, वर दाणेदार पोतही चढवला. आणि यांपैकी कशामुळेही ते बाद झाले नाहीत. बाद झाले ते मागच्या माणसाच्या पावलाचा डोकावणारा किंचित भाग नाहीसा केल्यामुळे. हे विचित्र दिसते खरे. पण प्रत्येक छायाचित्राला कडा असते आणि तिच्यापलीकडेही काही असणार, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. चौकटीच्या आतून काही काढून घेतले आहे, हे मात्र त्याला कळायला मार्ग नसतो.

हॅन्सन यांचे छायाचित्र नोव्हेंबर २०१२ मधले : अरुंद गल्लीतून दोन चिमुकल्यांचे मृतदेह नेणारे पुरुष आणि चेहऱ्यांवर जवळजवळ चित्रपटातला वाटावा असा उजेड. तो उजेड मलाही खटकतो. मात्र हे अनेक चित्रे जोडून केलेले जोडचित्र असल्याचा आरोप मे २०१३ मध्ये झाला, तेव्हा तज्ज्ञांनी रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) तपासली आणि रंग व छटा ठिकठिकाणी बदलल्या असल्या, तरी जोडकाम झालेले नाही, असा निष्कर्ष दिला.

नुसत्या छटा बदलूनही वस्तू नाहीशी करता येते, हा आपला मुद्दा मात्र बिनतोड आहे. सावली इतकी काळी केली की तिच्यातला माणूसच दिसेनासा झाला, तर ते पुसणेच झाले, आणि हे फिल्मच्या काळात डार्करूममध्येही चालत असे म्हणून ते क्षम्य ठरत नाही. २०१५ मध्ये याच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीतील सुमारे वीस टक्के छायाचित्रे बाद झाली, त्यांत बारीकसारीक तपशील पुसलेल्यांच्या बरोबरीने छटा अतोनात गडद करून आशय बदललेलीही होती.

स्पर्धेने रॉ फाइल मागणे हा छायाचित्रकारांवरचा अविश्वास आहे, हे आपले म्हणणे मात्र मला पटत नाही. हॅन्सन यांच्यावरचा आळ त्याच फाइलमुळे दूर झाला. उलट, विजेत्या छायाचित्राशेजारी त्याची मूळ चौकटही प्रदर्शनात लावावी, म्हणजे किती गडद म्हणजे अति, याचा वाद आपल्याला परीक्षकांच्या शब्दावर विसंबून न राहता घालता येईल.