पहिले नाव

पाचपाखाडीतल्या आमच्या काकांनी काकूंच्या देखभालीसाठी गूगलवर आया शोधली आणि यादीतल्या पहिल्या ब्युरोला आगाऊ रक्कम पाठवली. आज सकाळपर्यंत ना आया आली, ना तिकडून कोणी फोन उचलला. इतक्या घाईने पैसे का पाठवलेत, असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "अरे, पहिलेच नाव होते."

त्या नावाच्या वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित', म्हणजे पैसे भरून दिलेली जाहिरात, असे लिहिलेले होते. काकांसारख्या माणसासाठी यादीतला क्रम हाच निर्वाळा असतो. कोणीतरी पारखून हे नाव पुढे केले आहे, असे तो धरून चालतो. तो निर्वाळा गूगलने बोली लावणाऱ्याला विकायचा आणि वर 'आम्ही खूण केली होती' म्हणून हात झटकायचे, ही सरळ लबाडी आहे.

आणि हे गूगलला ठाऊक नव्हते असे नाही. जाहिरातींवर चालणारे सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच, असे गूगलच्या संस्थापकांनीच १९९८ च्या शोधनिबंधात लिहिले होते. पुढे काही कंपन्यांनी पैसे घेऊन संकेतस्थळांना थेट निकालांत घेण्याची पद्धत चालवली. तिथे तर वाचणाऱ्याला खूणही धड दिसत नसे, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेला पत्र पाठवून त्या कंपन्यांना समज द्यावी लागली. निकालांत समावेशासाठी आम्ही पैसे घेत नाही, असे गूगलने २००४ मध्ये भागधारकांना अभिमानाने सांगितले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतली आपली 'गूगल शॉपिंग' ही विकाऊ वस्तूंची यादी पैसे भरणाऱ्या दुकानदारांपुरतीच ठेवली. बोलाचीच कढी!

सर्च इंजिन फुकट चालत नाही, हे मान्य. ठाण्यातले माझे कित्येक मित्र धंदा टिकवण्यासाठी नाइलाजाने बोली लावतात, त्यांच्यावर माझा मुळीच रोष नाही. स्पर्धक वर दिसू लागला की त्यांना दुसरा मार्गच उरत नाही.

पण काकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक बाई हाच व्यवसाय वर्षानुवर्षे सचोटीने करतात. त्या बोली लावत नाहीत, म्हणून त्यांचे नाव सापडेपर्यंत मला यादीत बरेच खाली जावे लागले. सत्तरी ओलांडलेला, बायकोच्या काळजीने रात्रभर जागलेला माणूस तितका खाली जाणार आहे का?

चपलांच्या जाहिराती खुशाल वर दाखवा. आजारी माणसाच्या उशाशी बसणारी व्यक्ती पुरवणाऱ्यांकडून पैसे घेता, तर त्याच वेळी त्यांचा पत्ता आणि नोंदणी तपासायला तुम्हाला कोणी अडवले आहे?